हाक एकदाच मारावी

आरानी,
१२ ऑगस्ट

ती. देल्फिनाताईस,
धाकट्या गोयाचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि चॉकलेटचा पुडा सुक्रेच्या बसच्या ड्रायव्हरने अगदी माझ्या हातात आणून दिला. पुडा जरा हलका लागला. वाटेत स्वारीने हात मारलेला दिसतोय, पण माणूस चांगला आहे, पत्र कधी हरवत नाही, म्हणून सोडून दिलं. त्याच्याच हाती हे पत्र आणि भट्टीतले दोन मोठे पाव पाठवतेय. तुझ्याकडे पोचेपर्यंत त्यांचे दगड होतील. दुधात बुडवून खा आणि उरलेले दात सांभाळ.

तू पुन्हा विचारतेस की या जमान्यात पत्रं कसली लिहायची, सरळ फोन कर. अगं ताई, किती वेळा सांगू? फोन कानाला लावला की नील्दा किंचाळत सुटते. आवाज आहे आणि तोंड दिसत नाही, हे त्या पोरीला सहनच होत नाही. रेडिओसुद्धा मी त्यापायी देऊन टाकला. संस्थेने दिलेल्या लॅपटॉपचं मात्र तिला काही वाटत नाही, कारण त्यात उपचारवाल्या इव्होनबाईंचा चेहरा दिसतो. तेव्हा आपली पत्रंच बरी. तू म्हातारी झालीस तरी अक्षर अजून नर्सबाईचंच आहे, वाचायला दोनदा चष्मा पुसावा लागतो.

या उपचारात मला तूच ढकललंस, तेव्हा गाऱ्हाणीही तूच ऐक. दर मंगळवारी सकाळी बाई सुक्रेहून पडद्यावर येतात, तासभर नील्दाशी खेळतात आणि मला शिकवतात. ते सगळं ठीक. पण दर पंधरा दिवसांनी ती लक्षणांची प्रश्नावली! मूल नजरेला नजर देतं का, हात फडफडवतं का, बदल झाला की चिडतं का. आणि पुढे ‘कधीच नाही’, ‘क्वचित’, ‘बरेचदा’, ‘नेहमी’ यांतल्या एकावर खूण करायची. सहा वर्षांच्या माझ्या लेकराला असं चार डब्यांत कसं भरू? ‘नावाने हाक मारल्यावर वळून बघतं का’ या प्रश्नाशी आले की माझा हात थांबतो. दर वेळी ‘कधीच नाही’. मी हाका मारून मारून घसा कोरडा करते, पण ती भट्टीतल्या निखाऱ्याकडे बघत बसते. बाई म्हणतात, नाव फार वापरलं की वहाणेसारखं झिजतं. एकदाच हाक मारायची, मग मनात पाचापर्यंत मोजत गप्प थांबायचं. आता मला सांग, आईला गप्प थांबता येतं का?

यंदा नोव्हेंबरात, मेलेली माणसं घरी येतात त्या संतांच्या सणाला, नील्दाच्या बाबाचं, फर्मिनचं, तिसरं वर्ष. ट्रक दरीत गेला त्याला एवढे दिवस झाले यावर माझा विश्वास बसत नाही. शेवटचं ताट मांडायचं आणि त्याला कायमचं वाटेला लावायचं. तू येशील ना?

तुझी माया आमच्या दोघींवर आहे तशीच राहू दे.

तुझी,
गोया

सुक्रे,
२७ ऑगस्ट

चि. गोयास,
ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पावांनी माझा एक दात घेतला. तुझ्या नावाने दंतवैद्याकडे जाऊन आले. असो.

काल मी मुद्दाम इव्होनबाईंच्या संस्थेतल्या खोलीवर गेले. पोरगी हुशार आहे, नुसती बडबड करणारी नाही. तिची पद्धत अशी की तासाचं रेकॉर्डिंग ती स्वतः पुन्हा बघते आणि तीच प्रश्नावली आपल्या परीने भरते, तुझी न वाचता. मग दोन्ही शेजारी ठेवते. थोडाफार फरक सगळ्यांच्याच कागदांत असतो, आईचा जीव तो. पण तुझ्या आणि तिच्या कागदात जमीनअस्मानाचा फरक! तू नावाच्या प्रश्नावर ‘कधीच नाही’ ठोकलंयस आणि बाईंनी लिहिलंय ‘बरेचदा’. मी म्हटलं, माझी बहीण लहानपणापासूनच रडकी, परीक्षेत पास झाली तरी नापास झाले म्हणून सांगायची. तिच्या कागदावर जाऊ नका.

पण गोया, मला एक खरं सांग. घरात तो पुरुष कोण आहे? रेकॉर्डिंग मीही ऐकलं. तू कोपऱ्यात पीठ मळत बसलेली असतेस आणि दाराकडून कुणीतरी हाक मारतं, नील्दा. एकदाच, शांतपणे, आणि मग गप्प. आणि नील्दा काय सुरेख मान वळवते! बाई तर खूश आहेत. म्हणाल्या की आईपेक्षा बाबांनीच धडा जास्त मन लावून शिकलेला दिसतो. फर्मिनचं मी काढलंच नाही, ती बिचारी परकी आहे, तिला तुझं काही ठाऊक नाही. मागच्या मंगळवारी तू लाकडं आणायला बाहेर गेलीस तेव्हा तिने त्याला गमतीने सांगितलंही की बाबा, लाजू नका, पुढे येऊन बाकावर बसा. तो काही पडद्यात आला नाही, पण नील्दा बाकावर सरकली. कुणाला शेजारी टेकू न देणारी आपली नील्दा, तिने सरकून जागा करून दिली! बाईंनी लगेच त्याचीही खूण केली.

हे बघ, तू एकटी किती दिवस काढणार, मला काही वाईट वाटणार नाही. भट्टीवर गडी ठेवलास की मनात ठेवलास, जे असेल ते मला आधी सांग. आरानीभर बोभाटा व्हायच्या आत मोठ्या बहिणीला कळायला नको का?

उत्तराची वाट बघतेय. नील्दाला माझा पापा, घेऊ दिला तर.

तुझी ताई,
देल्फिना

आरानी,
५ सप्टेंबर

ती. ताईस सा. न.

तुझं पत्र वाचून आधी हसले, मग पुन्हा वाचलं आणि पाटावर बसले ती उठलेच नाही.

घरात पुरुष नाही गं. भट्टीवर माझ्या मदतीला म्हातारी प्रिमितिवा आहे, तिच्या तोंडात दात नाही आणि आवाज चिमणीचा. मंगळवारी तर तीही नसते. शेजारी तुला माहीतच आहेत, एका बाजूला मक्याचं शेत आणि दुसऱ्या बाजूला पाणंद.

काल मी बाईंना ते रेकॉर्डिंग लावायला सांगितलं. त्यांनी लावलं. पडद्यावर मी आहे, पीठ आहे, नील्दा लाकडी ठोकळे ओळीने लावतेय. मग एकाएकी ती मान वळवते, दाराकडे बघते आणि हसते. ताई, ती हसते! पण मला हाक ऐकू आली नाही. बाईंनी आवाज मोठा केला, पुन्हा लावलं. अंगणातल्या कोंबड्या ऐकू आल्या फक्त. बाईंनी विचारलं की आता आली ना ऐकू, आणि माझ्याकडे अशा काही नजरेने पाहिलं की मी हो म्हणून टाकलं. आवाज कसा होता ते तू मला लिही. जरा घोगरा, शेवटचं अक्षर जमिनीला टेकल्यासारखा खाली जाणारा? ट्रक लावून फाटकातून यायचा तेव्हा फर्मिन तसाच हाक मारायचा. तुला ऐकू येतं, परक्या बाईंना ऐकू येतं, पोरीला येतं. माझाच नवरा ना तो? मग मलाच का नाही?

आणखी एक सांगते, रागावू नकोस. प्रश्नावलीत एक प्रश्न आहे, ‘समोर कुणी नसताना मूल कुणाशी तरी हसतं किंवा हातवारे करतं का?’ मी पहिल्यापासून त्यावर ‘कधीच नाही’ लिहीत आलेय. खोटं नाही लिहिलं. नील्दा रोज दुपारी दाराशी हसते, पण समोर कुणी नाही असं मी कसं लिहू? तीन वर्षं पुरी होईपर्यंत माणूस घरचाच धरायचा, आईने आपल्याला हेच शिकवलं ना? त्याचं ताट आहे, त्याची टोपी खुंटीला आहे. तो नाही, अशी खूण माझ्या हातून कशी होईल?

प्रिमितिवाला सांगितलं तर तिने कपाळावर क्रूस काढला. म्हणाली, तिसऱ्या वर्षी काही जण लवकर येतात. आणि मेलेल्या माणसाच्या हाकेला जिवंत माणसाने ओ देऊ नये, दिली की तो वाट दाखवतो. ही बया नेहमीच अशी भीती घालते, पण काल रात्री मी नील्दाला दारापासून लांब, भिंतीकडे निजवलं.

मला काहीतरी लिही. शिव्या दिल्यास तरी चालेल.

गोया

सुक्रे,
२० सप्टेंबर

चि. गोयास,
आशीर्वाद, आणि मागितल्यास म्हणून दोन शिव्याही.

प्रिमितिवाला माझ्याकडे पाठव, मी तिला एनिमा देते. पस्तीस वर्षं मी वॉर्डात काढली, माझ्या हातांवर किती माणसं गेली, एकानेही परत येऊन मला हाक मारली नाही, आणि त्यांतले निम्मे माझ्यावर रागावलेले होते. पाणंदीतून कुणी जात असेल, वाऱ्याने आवाज फिरत असेल. यंत्रसुद्धा कुठला आवाज कुठे चिकटवील त्याचा नेम नाही. तुझं कानाचं दुखणं जुनं आहे, कापूस काढ आणि डॉक्टरला दाखव.

असं मी लिहून ठेवलं होतं, पाकीटही बंद केलं होतं. मग परवा बाई मला सहज एक बोलून गेल्या आणि मी पाकीट फोडलं. त्या म्हणाल्या की नील्दाच्या बाबतीत एकच कोडं सुटत नाही. चेहरा न दिसता नुसता आवाज आला तर ती किंचाळते, हे तू त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलंस. त्यांनीही एकदा आपला कॅमेरा बंद करून पाहिला, पोरीने घर डोक्यावर घेतलं. मग दाराकडच्या या आवाजाला ती हसते कशी?

गोया, मी घरी जायला निघाले. पण बसमध्ये बसल्यावर माझ्या अंगावर काटा आला. नुसता आवाज तिला चालत नाही. म्हणजे तिला नुसता आवाज येत नसणार.

आणि हो, तो आवाज घोगरा आहे. शेवट खाली जातो. मी फर्मिनला तुझ्या लग्नात आणि नील्दाच्या बारशाला भेटलेली, माझी काही खात्री नाही. तू विचारलंस म्हणून लिहिलं.

आता चांगली बातमी, कारण माझ्या कामाचं तेवढंच आहे. या प्रश्नावलीत गुण जितके कमी तितकं मूल सुधारलं असं धरतात, आणि बाईंच्या कागदावर नील्दाचे गुण उतरत चाललेत. हाक मारली की उठून जाते, बोटाने दाखवते, निरोपाचा हात हलवते. सहा महिन्यांत इतकं त्यांनी कुठल्याच मुलात पाहिलेलं नाही. आनंद मान बाई, कुठल्याही वाटेने येवो.

जेव. झोप. आणि ताईवर विश्वास ठेव.

देल्फिना

आरानी,
८ ऑक्टोबर

ती. ताईस,

न. वि. वि. नंतर घालीन, आधी हे वाच.

तू आनंद मान म्हणतेस. ती निरोपाचा हात हलवते, हो. कुणाला हलवते? त्याला नाही, मला. मी भट्टीशी असते, ती माझ्याकडे तोंड करून, दाराकडे पाठ करून मला हात हलवते. जाणारं माणूस करतं तसा. हाक मारली की उठते. कुठे जाते? दारापर्यंत. आधी खोलीच्या मध्यावर थांबायची, मग उंबऱ्याशी, आता फाटकाशी. बाईंनी इतके महिने डोकं फोडलं तरी जी स्वतः बूट घालायची नाही, ती काल बूट घालून, बरोबर पायांत बरोबर बूट घालून, फाटकाला हात लावून उभी होती. प्रश्नावलीत त्यालाही जागा आहे, ‘स्वतःच्या हाताने कपडे-बूट घालतं’. मी त्या कागदाकडे बघत बसले. ताई, एकेक ओळ सुधारतेय आणि एकेक ओळीने माझी पोर माझ्यापासून लांब जातेय. बाईंना गुण दिसतात, मला अंगण ओलांडलेलं दिसतं.

मी या वेळी सगळीकडे वाईटच खुणा केल्या. वळत नाही, उठत नाही, बूट घालत नाही. खोटं आहे ते. मला वाटलं, लिहिलं नाही तर होणार नाही. मूर्खपणा आहे, ठाऊक आहे मला.

आता सणाचं काय करू ते सांग. ताट मांडलं नाही, प्रार्थना केली नाही, तर तो वाटेला लागणार नाही, इथेच राहील आणि रोज तिला बोलावील. मांडलं, तर दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला दार सताड उघडं ठेवावं लागेल, त्याला जायला. त्याच उघड्या दारातून ती गेली तर? प्रिमितिवा म्हणते पोरीला खांबाला बांध. मी तिला हाकलून दिलं, मग रात्री जाऊन परत बोलावून आणलं, कारण एवढे पाव एकटीने कोण भाजणार? मेलेल्यांसाठी पावाची बाळं आणि वर चढायच्या पावाच्या शिड्या, अख्ख्या गावाची मागणी आहे. यंदा फर्मिनची शिडी मी तीनदा मोडून पुन्हा केली.

फर्मिनचा मला राग येतोय. जिवंतपणी महिन्यातले वीस दिवस रस्त्यावर असायचा, पोर मीच वाढवली. हाका मीच मारल्या. आणि ती वळते त्याच्या हाकेला. एकदा तरी माझ्याकडे वळू दे गं. मला दुसरं काही नको.

तू ये. काहीही कर, पण ये.

गोया

सुक्रे,
२५ ऑक्टोबर

चि. गोया,
तुला आणि नील्दाला खूप खूप आशीर्वाद.

मी तिकीट काढलं होतं. बॅगही भरली होती. काल आंदोलकांनी रस्ते अडवले. कोचाबाम्बाच्या वाटेवर दगड आणि टायर, बस एकही सुटत नाही. ड्रायव्हर ओरुरोकडून वळसा घालून मालाच्या ट्रकबरोबर जाणार आहे, त्याच्या पाया पडून हे पत्र देतेय. मला त्या ट्रकमध्ये घे म्हटलं तर म्हणाला आजी, तुमची हाडं कोण गोळा करील. मी घरी येऊन रडले. एवढं वय झालं, पण बहिणीपर्यंत पोचता येत नाही म्हणून रडले.

इव्होनबाईंना मी सगळं सांगितलं. फर्मिन गेला आहे, तेही. मग त्यांनी त्यांचा कागद काढला आणि ‘बाबा’ असं जिथे जिथे लिहिलं होतं तिथे बोट ठेवत राहिल्या. तुझ्या खोट्या खुणा त्यांनी ओळखल्या आहेत. रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या की भ्यायलेल्या आईचा कागद असाच येतो. सुट्टी असूनही त्या २ तारखेला खोलीवर येणार आहेत. साडेअकराला लॅपटॉप लाव, खोली आणि दार दोन्ही दिसतील असा ठेव. मीही बाईंच्या शेजारी बसेन. काही करू शकणार नाही, पण बघेन. तुझ्यासोबत असेन.

आणि त्यांनी निरोप दिलाय, तो नीट वाच. पोरीला धरू नकोस, बांधू नकोस, दहा हाका मारू नकोस. घाबरलीस की तू नावाचा पाऊस पाडतेस आणि त्यात तिला एकही थेंब लागत नाही. एकदाच हाक मार. मग थांब. कितीही जीव गेला तरी थांब. तो तेच करतो, म्हणून ती त्याच्याकडे वळते.

माझ्या वॉर्डातल्या वर्षांची शपथ, मला आता कशाचीच खात्री नाही. पण तुझ्या हाकेवर माझा विश्वास आहे.

तुझी,
ताई

सुक्रे,
३ नोव्हेंबर

माझ्या शहाण्या, धीराच्या गोये,
किती आशीर्वाद देऊ?

रस्ते अजून बंदच आहेत, हे पत्र कधी पोचेल देव जाणे. पण आज लिहिलं नाही तर मी फुटेन. काल आपलं धड बोलणंच झालं नाही, नील्दाने लॅपटॉप मिटला आणि संपलं. बरं केलं, आम्ही दोघी इकडे नाकडोळे पुसत होतो.

मी जे पाहिलं ते सांगते. ताट किती छान मांडलं होतंस! पावाची शिडी, ऊस, कांद्याची फुलं, त्याची टोपी. तू ताटाजवळ आमच्याकडे पाठ करून उभी होतीस. बाहेर प्रार्थना म्हणणारी पोरं आली, पाव घेऊन गेली. मग चर्चची घंटा वाजायला लागली. मी त्या आवाजाची वाट बघत होते, बाईंनी माझा हात इतका घट्ट धरला होता की अजून वळ आहे. पण काल त्याने हाक मारली नाही. नील्दा आपणच उठली. बूट घातले. दाराकडे गेली, उंबऱ्यावर उभी राहिली, बाहेर बघून हसली. आणि वळून तुला निरोपाचा हात केला. माझ्या तोंडून देवाचं नाव निघालं. तिने एक पाय बाहेर टाकला.

आणि तू हाक मारलीस. नील्दा. एकदाच. काय आवाज होता तुझा, गोया! ना रडका, ना घाबरलेला. लहानपणी संध्याकाळी मला तू जेवायला बोलवायचीस तसा. मग तू थांबलीस. ते थांबणं बघून मी तुझ्या पायांवर डोकं ठेवलं असतं. पोरगी तशीच उभी, एक पाय आत, एक बाहेर. आणि मग ती वळली. दाराकडे नाही, तुझ्याकडे. तुझ्या तोंडाकडे बघितलं तिने. धावत आली आणि तुझ्या पावलांवर बसली.

बाईंनी प्रश्नावली पुढे ओढली आणि रडत रडत खूण केली. म्हणाल्या, ही हाक सगळ्या आयांना ऐकवायला हवी.

आता मला तुझ्या तोंडून सगळं ऐकायचं आहे. लवकर लिही. जीव लागून राहिलाय.

तुझी,
देल्फिना

आरानी,
१४ नोव्हेंबर

ती. देल्फिनाताईस,
गोयाचा मनापासून सा. न. वि. वि.

तुझं पत्र आज मिळालं. तीनदा वाचलं.

ताई, मी हाक मारली नव्हती.

मारणार होते. आठवडाभर मनात घोकलं होतं, एकदाच, मग थांबायचं. तिने हात हलवला आणि मी तोंड उघडलं, पण घशातून वारासुद्धा निघाला नाही. तू थांबणं म्हणतेस ते थांबणं नव्हतं, मी मेल्यासारखी झाले होते. तिचा पाय बाहेर पडताना पाहिला आणि मनात म्हटलं, गेली, संपलं.

तेव्हा हाक आली. माझ्या डाव्या खांद्याशी, इतक्या जवळून की कानाला ऊब लागली. आवाज माझा होता. माझा, पण मी कितीतरी वर्षांत न काढलेला. लग्नानंतर पहिल्या वर्षी मी त्याला असं बोलवायची, भट्टीवरून, ट्रकचा आवाज आला की. तो आवाज या घरात दुसऱ्या कुणाला माहीत असणार सांग. नील्दा वळली, आणि आवाज आला होता तिकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघितलं तिने. तिला वाटलं आईने बोलावलं. बाईंनाही तसंच वाटलं, तुलाही.

मी त्याच्यावर रागावले होते. माझी पोर नेतोय म्हणून रात्री उशीत तोंड खुपसून शिव्या दिल्या त्याला. आणि तो मंगळवारमागून मंगळवार दाराशी उभा राहून नुसता धडा गिरवत होता. पोरीला हाकेची सवय लावत होता, मला शिकायला उशीर लागतोय म्हणून. मला तसंच वाटतं. खरं काय ते कुणाला विचारू?

बाराचे ठोके संपल्यावर घर रिकामं झालं, ते मला कळलं. तुला सांगता येणार नाही कसं, पण कळलं. मी ताट उचललं, टोपी प्रिमितिवाच्या नातवाला देऊन टाकली. नील्दा दाराकडे बघत नाही आता. बाकाच्या मधोमध बसते.

आणि ती वळते, ताई! मी एकदा हाक मारते आणि थांबते, आणि ती माझ्याकडे बघते. काल मंगळवारी बाईंसमोर वळली. या वेळच्या प्रश्नावलीत मी त्या ओळीवर ‘नेहमी’ लिहिलं, एकटीने बसून, आणि खूप रडले. जे मागितलं होतं ते मिळालं. पण हाक मारल्यावर ती वळेपर्यंत जो वेळ जातो, त्यात मला भीती वाटते. तोंडातून निघालेला आवाज माझाच होता ना, असं वाटत राहतं.

एक मागते. बाईंना सांग, त्या दिवसाचं रेकॉर्डिंग पुसू नका. एवढे महिने तो सगळ्यांना ऐकू आला, मला सोडून. एकदाच आला, तोही माझाच आवाज घेऊन. मला ती हाक पुन्हा ऐकायची आहे. पुढच्या मंगळवारी बाई लावणार आहेत. त्या वेळी मला काहीच ऐकू आलं नाही, तर ताई, तू इतकंच लिही की तुला येते. मी तुझ्या अक्षरावर विश्वास ठेवीन.

रस्ते उघडले की ये. तोवर आम्हा दोघींना मनात जागा असू दे.

तुझी,
गोया